दादा कुठवर आला?

आमच्याकडे कोणीही नवीन माणूस आलं आणि दादा न्यू जर्सीत असतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती तास लागतात हो?" गॅसवाला विचारतो, आईच्या गुडघ्याचे डॉक्टर विचारतात, सोसायटीत नवीन आलेली जोडपी विचारतात. आईचं उत्तरही ठरलेलं, "सोळा तास. डायरेक्ट." त्यातला 'डायरेक्ट' ती जरा जोर देऊन म्हणते, कारण तिला मधे कुठे उतरायला लागत नाही याचा तिला फार आधार वाटतो. किती लांब आहे असं कोणी विचारत नाही, किलोमीटरमध्ये तर नाहीच नाही. लांबच्या माणसाचं अंतर आपण तासातच मोजतो आणि ते बरोबरच आहे, कारण वेळ आली की तासच मोजायला लागतात, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

पण मला ते किलोमीटरही हवे असतात. मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ, पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळच्या वाटेने मोजलं तर साधारण १२,५३० किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे कुठल्याही दोन गावांमध्ये जास्तीत जास्त वीस हजारांचंच अंतर असू शकतं, त्याहून लांब जायला जागाच नाहीये. त्या वीसातले साडेबारा हजार दादा आणि आमच्यामध्ये आहेत. मोठी विमानं ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतात, भागाकार केला तर चौदा तास येतात. मग सोळा कुठून आले? हे वरचे दोन तास मला कित्येक वर्षं छळतायत आणि त्यांच्या मागे लागून मी जे काय वाचलं, बघितलं, ते सगळं आज लिहून काढायचं ठरवलंय.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक साधा शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. भिंतीवरचा सपाट नकाशा बघून आपल्याला वाटत असतं की वाट अशी सरळ पश्चिमेला, अरबस्तान, मग इजिप्तच्या बाजूने, मग अटलांटिक. दोरा तसा जातच नाही. तो मुंबईतून निघतो तोच वर, उत्तरेला, आणि किंचित पश्चिमेला झुकून. कच्छवरून सिंधमध्ये जातो, मग क्वेट्टा आणि कंदाहारच्या जवळून तुर्कमेनिस्तान, मग कॅस्पियन समुद्राचं वरचं टोक, तिथून व्होल्गा नदीवरचं सारातोव्ह आणि मग जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरूनच. पुढे हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंडचं रेक्याविक, ग्रीनलंडचं अगदी खालचं टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि मेन राज्यावरून खाली उतरत न्यूयॉर्क. मी पहिल्यांदा हा दोरा ताणला तेव्हा कितीतरी वेळ तसाच धरून बसले होते. रत्नागिरीच्या माणसाला मुंबईवरून पुण्याला जायला लावावं तसं काहीतरी उगाच लांबून वाटतं ना, मॉस्को आणि आइसलंड कशाला मधे, पण तीच सगळ्यात जवळची वाट आहे. गोलावर जे सरळ असतं ते कागदावर वाकडं दिसतं, म्हणून विमानातल्या स्क्रीनवर ती वाट कमानीसारखी दिसते आणि शेजारच्या सीटवरचे आजोबा हमखास म्हणतात, एवढं फिरवून का नेतायत.

आणि आता खरी गोष्ट अशी की या दोऱ्यावरून आज कुठलंच प्रवासी विमान जशाच्या तसं उडत नाही. दोऱ्याखालचे आणि त्याच्या आसपासचे देश एकेक करून बघा. पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना २४ एप्रिल २०२५ ला बंद झालं. अफगाणिस्तानवरून उडायचं बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षं टाळत होत्या. रशियाचं आकाश फेब्रुवारी २०२२ च्या युद्धानंतर अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद, युक्रेनचं तर सगळ्यांनाच बंद. इराण-इराकवर कधी काय पेटेल आणि एका रात्रीत सगळी ट्रॅफिक बाजूला वळवायला लागेल याचा नेम नाही, जून २०२५ मध्ये ते झालंच. म्हणजे पृथ्वीने दिलेली सरळ वाट आहे, विमानात ती कापायची ताकद आहे, वैमानिकांना ती येते, आणि तरी जाता येत नाही.

मुंबईला त्यातल्या त्यात समुद्राने वाचवलंय. इथून निघून अरबी समुद्रावरून ओमान आणि आखाताकडे वळता येतं, पाकिस्तानला हात न लावता. दिल्लीची पंचाईत जास्त आहे, कारण दिल्लीतून पश्चिमेला निघालं की समोर भिंतच, मग आधी खाली गुजरातपर्यंत यायचं आणि तिथून समुद्र. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट्सना इंधन पुरेना म्हणून व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला उतरायला लागायचं. प्रवाशांनी तिकीट डायरेक्टचं काढलेलं. माझ्या मैत्रिणीचे सासू-सासरे अशाच एका विमानात होते, खाली उतरता येत नाही, तिथेच सीटवर बसून राहायचं, बाहेर टँकर लागलेला, आणि सासऱ्यांच्या इन्सुलिनची वेळ नेमकी कुठली धरायची हे त्या माऊलीला कळेना. तास वाढतात म्हणजे हे वाढतं.

इंधनाचं गणित तर मला फार विलक्षण वाटतं. बोइंग ७७७-३०० ईआर, म्हणजे अशा लांबच्या रूटवर असतं त्यातलं एक, उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ३५१ टनांचं असू शकतं आणि त्याच्या टाक्यांमध्ये साधारण १४५ टन इंधन मावतं. विमान सोडून, माणसं सोडून, बॅगा आणि त्यातली मेतकुटाची पाकिटं सोडून नुसतं इंधन जवळजवळ चाळीस टक्के! आणि लांब जायचं म्हणून जास्त इंधन घ्यावं तर ते इंधन उचलून न्यायलाच आणखी इंधन जळतं. त्यामुळे वाटेत एक तास वाढला म्हणजे नुसता तासच वाढला असं होत नाही, कधी सामान कमी करायला लागतं, कधी सीट्स रिकाम्या ठेवायला लागतात, वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांची मर्यादा असते म्हणून जादा वैमानिक सोबत न्यायचे, आणि शेवटी कुठलीतरी फ्लाइट परवडत नाही म्हणून बंदच होते. दिल्ली-वॉशिंग्टन सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली त्यामागे विमानं नूतनीकरणाला जाणं हे जसं कारण होतं तसंच हे लांबलेलं आकाश पण होतं. आणि एका अमेरिकन कंपनीची नेवार्क-मुंबई फ्लाइट मार्च २०२२ मध्ये थांबली ती रशियावरून जाता येईना म्हणून.

वाऱ्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोन-अडीचशे किलोमीटरच्या पुढेही जातो. जाताना तो वारा तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून अमेरिकेला जायला सोळा तास आणि परत यायला चौदा-साडेचौदा. जाताना तो वारा चुकवत, त्याच्या उत्तरेकडून नाहीतर दक्षिणेकडून वाट काढतात, येताना मुद्दाम त्याच्यात शिरतात, त्यासाठी दोऱ्यापासून लांब गेलं तरी चालतं कारण अंतर वाढून वेळ कमी होतो. त्यामुळे रोजची वाट वेगळी असते, आदल्या दिवशीचं विमान आयर्लंडवरून गेलं असेल आणि आजचं त्याच्या कितीतरी उत्तरेला. दादाला याचं काही विशेष वाटत नाही पण आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घरी येताना वारा ढकलतो." ते वाक्य मला इतकं आवडलंय की मी ते सगळ्यांना सांगत असते.

आता जरा मागे जाते. हेच अंतर पहिल्यांदा ज्या मराठी बाईने शिकण्यासाठी कापलं ती आनंदीबाई जोशी. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, जवळजवळ दोन महिने, आणि तेव्हा तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती फक्त. नवरा गोपाळराव इकडेच, पोस्टाच्या नोकरीत. न्यूयॉर्कला तिला उतरवून घ्यायला तिच्याशी पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाई आल्या होत्या, त्या तिला रोझेलला घरी घेऊन गेल्या. हे रोझेल न्यू जर्सीत आहे, नेवार्क एअरपोर्टच्या अगदी जवळ, आणि दादाच्या एडिसनच्या घरून गाडीने अर्धा तास पण लागत नाही. आज एडिसनमध्ये ओक ट्री रोडला कांदेपोहे मिळतात, गणपतीच्या मूर्ती मिळतात, आणि तिथून एवढ्याशा अंतरावर ती मुलगी साडीत वावरली असेल. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा बोटीने मुंबईला आली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. येतानाच फार आजारी होती. बोटीचा तो लांबलचक प्रवास, तो गारठा, जेवण घशाखाली उतरत नाही, क्षयाने पोखरलेलं शरीर, हे वाचताना मला सारखं वाटतं की हिला कोणीतरी चौदा तासात घरी आणून सोडायला हवं होतं. वाचली असती असं म्हणायचं नाहीये, तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. पण घरी जरा जास्त दिवस मिळाले असते. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात आपल्या घरच्या लोकांच्या स्मशानभूमीत ठेवल्या. तिने हे अंतर असं तीनदा कापलं.

त्यानंतर तास कसे उतरत गेले ते बघण्यासारखं आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि मुंबईहून लंडन करत न्यूयॉर्कपर्यंत फ्लाइट सुरू झाली. मग १९७१ ला जंबो. मग २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क थेट, कुठेही न उतरता, ७७७-२०० एलआर विमानाने. दोन महिने होते त्याचे सोळा तास झाले, सव्वाशे वर्षांच्या आत. मला विचाराल तर माणसाने माणसासाठी केलेल्या सगळ्यात मायेच्या गोष्टींपैकी ही एक आहे, कारण एवढी अक्कल, एवढी मेहनत, शेवटी कोणाच्यातरी मुलाला आईपर्यंत लवकर पोचवण्यासाठीही लागलीच ना. आणि म्हणूनच ते मिळवलेले तास असे आकाशाला कुलपं लावून परत घालवले जातात ते मला बघवत नाही.

आमच्या घरात हे दोन्ही बघून झालंय. माझे काका ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटला होते. आजी सांगलीला वारली तेव्हा तार केली. तार पोचली तेव्हा इकडे अंत्यसंस्कार होऊन गेले होते, फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून बसायचं, लाइन लागली तरी अर्धं ऐकू यायचं नाही. तिकिटाचे पैसे ही साधी गोष्ट नव्हती, सुट्टी नव्हती, काका आले ते थेट पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला. मी लहान होते, पण काका आल्यावर आजीच्या खोलीत गेले आणि तिची पानाची पितळी डबी हातात घेऊन उघडझाप करत कितीतरी वेळ बसले होते ते मला दिसतंय अजून. कोणी त्यांना हाक मारली नाही. त्यांच्यासाठी आजी वर्षभर आधी गेलीच नव्हती, ती त्या दिवशी गेली.

आणि मग बाबा. जानेवारीतला शुक्रवार, रात्री नऊच्या सुमाराला गेले. तिकडे सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ पुढे जातं म्हणून साडेनऊ. दादा ऑफिसला होता. मी फोनवर काय बोलले ते मला आठवत नाही, त्याने फक्त विचारलं, "मी येईपर्यंत थांबाल?"

हा प्रश्न आज पुण्यातल्या कितीतरी घरांमध्ये विचारला जातो. बाहेर जमलेली माणसं हळू आवाजात हेच बोलत असतात, मुलगा यायचाय का, किती तास लागतील, डायरेक्ट आहे का. आत्या म्हणाली, मुलगी आहे की इथे, तिने अग्नी दिला तरी चालतो, आणि गुरुजींनीही हो म्हटलं. मी तयार होते. खरं तर मला तेव्हा असं वाटत होतं की बाबांना असं अडवून ठेवू नये. पण आईने विचारलं, "तो किती वाजता पोचेल?" आणि त्यानंतर आमच्या घरातला सगळा वेळ या एका प्रश्नाभोवती फिरायला लागला.

त्या दिवशीचं डायरेक्ट निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्यात जागा नव्हती. रात्रीचं दुबईमार्गे मिळालं. न्यूयॉर्क ते दुबई अकरा हजार किलोमीटर, साडेबारा तास, तिथे चार तास थांबायचं, मग दुबई ते मुंबई तीन तास, मग मुंबई ते पुणे. चुलतभाऊ विजेवर चालणारी शीतपेटी घेऊन आला, तिचा कॉम्प्रेसर मधूनच घुर्रर्र करून सुरू व्हायचा आणि पुन्हा बंद पडल्यासारखा शांत व्हायचा. वरच्या काचेवर दव धरायचं ते मी रुमालाने पुसत होते. आई बाजूला सतरंजीवर. आणि माझ्या हातात मोबाइल, त्याच्यावर फ्लाइट ट्रॅकर, त्यात ते छोटंसं पिवळं विमान.

अटलांटिकवर असताना ते हलायचंच नाही असं वाटायचं. समुद्राच्या मध्यात जमिनीवरचे रिसीव्हर पोचत नाहीत म्हणून ट्रॅकर अंदाजाने जागा दाखवतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, मी आपली स्क्रीन खाली ओढून ओढून रिफ्रेश करत होते. जो येईल तो विचारायचा, "दादा कुठवर आला?" आणि मी सांगायची, आयर्लंड. मग जर्मनी. मग काळा समुद्र. शेजारच्या काकूंना काळा समुद्र कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण त्या प्रत्येक वेळी "बरं झालं, आला म्हणजे" असं म्हणायच्या आणि आईला जाऊन सांगायच्या. तुर्कस्तानवर आलं तेव्हा बाबांचे पेन्शनर्स ग्रुपमधले एक मित्र शेजारी बसून ती स्क्रीन बघायला लागले, चष्मा वर करून, आणि म्हणाले की ते सरळ का येत नाही, असं वाकून काय येतंय. मी त्यांना गोलाचं, दोऱ्याचं सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मला बोलायला काहीतरी मिळालं होतं आणि त्यांना ऐकायला, तेवढा अर्धा तास गेला.

शनिवारी रात्री दुबईला उतरला. चार तास. सगळ्यात वाईट ते चार तास गेले, कारण विमान नाही, हलणारं काही नाही, तो एका खुर्चीत बसलाय आणि आम्ही इथे. फोन लागत होता पण कोणाला काय बोलायचं सुचत नव्हतं, नुसताच चालू ठेवला. दुबईवरून मुंबई म्हणजे हाकेच्या अंतरावर वाटतं पण ते एकोणीसशे किलोमीटर आहेत. पहाटे साडेचारला मुंबईत उतरला, हातात फक्त पाठीवरची सॅक, इमिग्रेशनवर ऑफिसरने नुसतं तोंड बघून पटकन शिक्का मारला म्हणे. घाटात ट्रॅफिक नव्हती. रविवारी सकाळी नऊच्या आत दारात. दीड दिवस लागला. बूट न काढताच आत आला, पेटीजवळ बसला, आणि काचेवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, आलो." दहा वाजता आम्ही वैकुंठ स्मशानभूमीत निघालो.

काकांचं एक वर्ष आणि दादाचा दीड दिवस, यांच्यामध्ये जे काय आहे ते म्हणजे ही विमानं. त्या दिवशीचं डायरेक्ट मिळालं असतं तर चौदा तासात मुंबईत आला असता, आईला एक रात्र कमी जागायला लागली असती. एक रात्र म्हणजे काय असतं हे ज्याने ती काढलीय त्यालाच कळेल. म्हणून जेव्हा बातम्यांमध्ये सांगतात की अमुक हवाई हद्द बंद, विमानांना दोन तास जास्त, कंपन्यांना इतक्या कोटींचा फटका, तेव्हा मला त्या कोटींचं काही वाटत नाही, मला त्या विमानात बसलेला एखादा दादा दिसतो. युद्ध करणाऱ्यांना आणि आकाश बंद करणाऱ्यांना आपापली कारणं असतील, पहलगामच्या हल्ल्यानंतर आपणही ३० एप्रिल २०२५ पासून आपलं आकाश पाकिस्तानी विमानांना बंद केलंच, आणि त्या वेळी ते माझ्यासकट सगळ्यांनाच बरोबर वाटलं होतं. तरी कराचीतून क्वालालंपूरला मुलाकडे निघालेल्या एखाद्या बाईचे तासही आपल्यामुळे वाढले असतील हे पण खरं आहे आणि ते मला बोचतं.

आता थोडं विमानातल्या त्या सोळा तासांबद्दल, कारण आई-वडिलांना एकटं पाठवणारे बरेच जण हे वाचत असतील. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा आपल्याला साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखी दिलेली असते. कळसूबाईचं शिखर पाच हजार चारशे फूट. म्हणजे तुमची सत्तरीतली आई सोळा तास कळसूबाईपेक्षाही उंच जागी बसून असते, तेसुद्धा पाय लोंबकळत ठेवून, अगदी कोरड्या हवेत. पाय सुजतात ते त्यामुळे. जेवणाला चव लागत नाही त्यालाही ती हवा बऱ्याच अंशी कारण आहे, आईला वाटायचं आपल्या तोंडालाच काहीतरी झालंय. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालून यायचं, पाणी मागून घ्यायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते घट्ट मोजे घालायचे, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आइल सीटच घ्या, खिडकी नको, कारण ही पिढी झोपलेल्या माणसाला उठवायचं म्हणून बाथरूमला जायचं टाळते आणि मग पाणीच पीत नाही.

आणि रात्र. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तुम्ही रात्री दीडला निघता आणि पश्चिमेला, म्हणजे रात्र जिकडे पळते तिकडेच, पळत राहता. न्यूयॉर्कला तिथल्या सकाळी सव्वासातला सूर्य उगवतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे पावणेसहा झालेले असतात. म्हणजे जवळजवळ चोवीस तास सलग अंधार. आई पहिल्यांदा गेली तेव्हा उतरल्यावर दादाला म्हणाली की अरे उजाडलंच नाही, मला वाटलं माझं घड्याळ बंद पडलं. तिला सकाळची गोळी कधी घ्यायची ते कळलं नव्हतं. त्यानंतर मी तिला कागदावर भारतीय वेळेनुसार लिहून देते, इतक्या वाजता ही, इतक्या वाजता ती, बाहेर अंधार असो नाहीतर उजेड, आणि हातातलं घड्याळ उतरेपर्यंत बदलायचं नाही. तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतो आम्ही, तुम्हीही तसंच करा, प्रत्येकाचं वेगळं असतं. रात्री अकराच्या पुढे एअरपोर्टवर ती गर्दी, ते चेक-इन, ती व्हीलचेअरची वाट बघणं यात तिची शक्ती आधीच गेलेली असते, म्हणून पुण्याहून दुपारीच निघतो, घाटात अडकलो तरी चालेल अशा हिशोबाने. घर ते घर धरलं तर सोळा तासांचे तीस होतात. उतरल्यावर जेएफकेहून एडिसनला जायला व्हेराझानो ब्रिज ओलांडून आणखी तासभर तरी जातोच, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन.

येत्या डिसेंबरमध्ये आई परत जातेय, नातवाची मुंज तिकडेच करायचं ठरलंय. तिकीट काढायला गेले तेव्हा एजंटने आखातातून जाणारं स्वस्तातलं दाखवलं, मधे पाच तास, बावीस-तेवीस तासात पोचतात म्हणाला, आणि फरक काही थोडाथोडका नव्हता. मी डायरेक्टच घेतलं. आइल सीट, व्हीलचेअर, जेवण जैन सांगितलंय कारण त्यात तिला कांदा-लसणाचा त्रास नाही. बाबांचा फोटो तिने हातातल्या पर्समध्ये ठेवायचा म्हणून छोटा करून आणलाय, मुंजीत लागेल म्हणून. मेथीचे लाडू आणि भिकबाळी अजून व्हायची आहे, सराफाने पुढचा आठवडा सांगितलाय.